सत्त्याऐंशीवं पान

ब्रह्मपुरी
१२ जुलै १९८६

गुणा,

तुला आणि तुझ्या आईला, माझ्या बाईला, जयभीम.

बिरजू कंडक्टरच्या हाती एक पुस्तक पाठवतो आहे. धानोऱ्याच्या स्टँडवर कोणाला तरी पाठवून उतरवून घे. पळसनाला धरणाचा सरकारी अहवाल आहे, शहाण्णव पानांचा. आमच्याच छापखान्यात छापला. ही प्रत रद्दीतली. दोन पानांवर शाई फासली गेली म्हणून मालकांनी बाजूला टाकली आणि मी उचलली.

यात साळेटोल्याचं नाव आलं आहे. तू माझ्या घरी राहून दहावी केलीस, शाळा सुटली की छापखान्यात येऊन माझ्या स्टुलावर ठाण मांडायचीस, तुला मी काय शिकवू. वाचशील तर कळेल. लवकर वाच.

प्रत कुठून आली हे गावात सांगू नको. सरकारी कामातली एक ओळही दाराबाहेर जाता कामा नये अशी मालकांची ताकीद आहे. मागच्या साली एका मशीनवाल्याने छापायला आलेला कागद मेहुण्याला दाखवला, दुसऱ्या दिवशी तो घरी बसला. मी तीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवतो आहे, दोन वर्षं उरली. या वयात मला दुसऱ्या छापखान्यात कोणी उभं करणार नाही. म्हणून इतकंच लिहितो.

बाईचे गुडघे कसे आहेत? धानाचं रोवणं कुठवर आलं?

तुझा मामा,
देवाजी

साळेटोला, ता. धानोरा
२४ जुलै १९८६

देवाजीमामा,

जयभीम. पुस्तक सुखरूप पोचलं. भाचीला लुगडं पाठवायचं सोडून धरणाचा अहवाल पाठवणारा मामा साऱ्या तालुक्यात मलाच मिळाला.

पण गंमत ऐका. आईने पुस्तक हाती घेतलं, कपाळाला लावलं आणि पांढऱ्या फडक्यात बांधून विहारात धम्माच्या ग्रंथाशेजारी पाटावर ठेवलं. आषाढी पौर्णिमेपासून आपल्याकडे रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात ते तुम्हाला माहीतच आहे. तीन महिने, वर्षावास संपेपर्यंत, आणि वाचणारी मी. आईने त्याच दिवशी ठरवून टाकलं की ग्रंथाचं वाचन झालं की तुमच्या पुस्तकाची दोन पानं वाचायची आणि ती साऱ्या गावाने ऐकायची. म्हणाली, "गावाचं नाव छापून आलं. एकटीनं कायले वाचतं? सारे मिळून आयकू." कुठून आलं असं लोकांनी विचारलं, तर मी सांगितलं सरकारकडून. हे काही खोटं नाही.

आता विहारात बसायला जागा पुरत नाही. गोंडटोलीचे पोचूभाऊसुद्धा येतात. मी एक परिच्छेद वाचते, मग ते त्यांच्या म्हाताऱ्यांना गोंडीत समजावतात. रोवण्याने कंबरडं मोडलेलं असतं, पण कोणी उठत नाही. आज आठ पानं पुरी झाली. आधी मोठ्या साहेबांचा संदेश होता, फोटोसकट. तो सगळ्यांना फार आवडला. पोचूभाऊंनी दोनदा वाचायला लावला.

आठव्या पानावर नकाशा आहे. आपलं गाव शोधायला अर्धा तास गेला, पण सापडलं. आपल्या साऱ्या धानाच्या बांध्या तिरप्या पट्ट्यांत येतात. पलीकडे रानाकडे नुसते ठिपके आहेत. पट्टे म्हणजे पाट असणार असं सगळ्यांचं मत पडलं. धरणाचं पाणी आपल्या बांध्यांत येणार, मामा. आई त्या दिवसापासून उन्हाळी धानाची भाषा बोलते आहे.

तिचे गुडघे तसेच आहेत. चिखलात उभी राहते आणि मग माझ्यावर चिडते.

तुमची,
गुणा

ब्रह्मपुरी
३१ जुलै १९८६

गुणा,

तुझं पत्र काल मिळालं. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. आज लग्नपत्रिकेत वधूच्या जागी वराच्या बापाचं नाव जुळवलं आणि मालकांच्या शिव्या खाल्ल्या.

अगं, अहवाल म्हणजे ग्रंथ नव्हे. त्याला फडकं बांधायची गरज नाही आणि पहिल्या पानापासून वाचायचीही नाही. साहेबांचा संदेश नाही ऐकला तरी कोणाचं अडत नाही. अशी पुस्तकं मधूनही वाचतात, मागूनही वाचतात. आम्ही छापखान्यातली माणसं तर कुठलंही पुस्तक हाती आलं की आधी शेपूट बघतो. तूही बघ. मागे परिशिष्टं आहेत. टाईप बारीक आहे, पण बघ.

आणि पट्टे म्हणजे पाटच, असं धरून बसू नका. नकाशातल्या खुणांचा अर्थ नकाशा काढणारा ठरवतो, बघणारा नाही. तो अर्थ कुठेतरी लिहिलेला असतो.

याहून जास्त माझ्याने लिहवत नाही. आता कितव्या पानावर आहात ते उलट टपाली कळव.

देवाजी

साळेटोला
८ ऑगस्ट १९८६

देवाजीमामा,

जयभीम. तुम्हाला एवढी घाई कसली? परीक्षा तर नाही ना घ्यायची? आज अडतिसावं पान झालं.

तुमचं मागून वाचायचं मी आईला सांगितलं, तर ती मलाच रागावली. तुमची बहीण तुम्हाला ठाऊक आहे. तिला एक अक्षर येत नाही, पण ग्रंथाचं पान चुकलं तर मागच्या ओळीत बसून लगेच ओळखते. तिने साफ सांगितलं, "शेवट पयले वाचाचा नसते. पान सोडाचं नसते. आमी अशेच आयकत आलो." पुढे म्हणाली की देवाजी शहरात राहून आळशी झाला. हे मी माझ्या पदरचं लिहीत नाही.

तरी तुमचा शब्द मोडवेना. दुपारी आई रोवायचे परे काढायला गेली तेव्हा मी गुपचूप फडकं सोडून मागची पानं उघडली. सोळा-सतरा पानं नुसते तक्ते आणि मुंगीसारखी अक्षरं. क-एक, क-दोन, हेक्टर, दशांश. कुठून शिरायचं, कुठे निघायचं, काही उमगेना. आपल्या गावाचं नाव शोधलं, ते काही दिसलं नाही. तेवढ्यात अंगणात आईची चाहूल लागली आणि मी चोरासारखं फडकं बांधून टाकलं. मागे काही नाही, मामा. निदान आपल्यासाठी तरी नाही.

खरी बातमी वेगळीच आहे. परवा चौतिसाव्या पानावर गावांची नावं आली. अकरा गावं आहेत. त्यांत फक्त तीन गावांच्या नावापुढे चांदणी छापली आहे, आणि त्यांतलं एक आपलं. साळेटोला, आणि वर ही एवढीशी चांदणी. मी पुस्तक फिरवून सगळ्यांना दाखवलं. पोचूभाऊ म्हणाले, "अकरा गावांत आमाले निवडलं, काईतरी पाहूनच निवडलं असन." पोट्ट्यांनी विहाराच्या भिंतीवर चुन्याने मोठी चांदणी काढली आहे. जो येतो तो आधी तिच्याकडे बघतो. बाजूच्या गावाला चांदणी नाही, त्यांचं तोंड उतरलं.

तुम्हीच जुळवली असेल ना ती? आईला फार अभिमान वाटला. म्हणाली, माझ्या भावाच्या हातून आपल्या गावाला चांदणी लागली.

गुणा

ब्रह्मपुरी
१४ ऑगस्ट १९८६

गुणा,

हे पत्र उभ्याने वाच आणि वाचून झालं की पोचूभाऊंना बोलाव.

ती चांदणी मानाची नाही. चांदणीचा अर्थ इतकाच, की या नावाबद्दल अजून काही सांगायचं आहे आणि ते दुसरीकडे सांगितलं आहे. पानाच्या तळाशी नसेल तर मागे असतं. तुझं गाव मागे नावाने सापडणार नाही, कारण मागे नाव नाहीच, नुसती चांदणी आहे. सत्त्याऐंशीवं पान, वरून तिसरी टीप. मला ती तोंडपाठ आहे. हाताने खिळा-खिळा लावून जुळवली आहे.

"चांदणीने दर्शविलेल्या गावांतील ज्या कसणाऱ्यांची नावे सातबाऱ्यावर नाहीत, त्यांनी कसत असल्याचा अर्ज पुराव्यासह दिनांक २९ ऑगस्ट १९८६ रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत गडचिरोली येथील कचेरीत न दिल्यास त्यांची गणना बुडीतग्रस्तांत होणार नाही."

पट्टे म्हणजे पाट नव्हेत. खुणांची यादी नकाशाजवळ मावली नाही म्हणून ती नव्वदाव्या पानावर टाकली आहे. ठिपके म्हणजे जिथे पाणी मिळेल ती जमीन. पट्टे म्हणजे जिथे पाणी उभं राहील ती.

सातबारा तुमच्याकडे कोणाचाच नाही. जंगल तोडून तुझ्या आज्याने बांध्या केल्या, पोचूभाऊंच्या बापानेही तशाच केल्या. कागदावर तुम्ही तिथे नाहीच. अर्ज गेला नाही तर शेतं बुडतील आणि बदल्यात एक ढेकूळ मिळणार नाही.

तू दिवसाला दोन पानं वाचतेस. मी बोटांवर हिशेब केला. एकवीस जुलैला सुरुवात. सत्त्याऐंशीवं पान दोन सप्टेंबरला येतं. तारीख निघून गेल्यावर चार दिवसांनी. हे मला तुझ्या पहिल्या पत्रानंतरच कळायला हवं होतं. कळलंही होतं, गुणा. मी घाबरलो. वाटलं, आडून सांगितलं तर पोरगी समजून घेईल आणि माझी नोकरीही राहील. आडून सांगणं म्हणजे न सांगणंच. भिंतीवरच्या चांदणीचं वाचलं आणि माझी मान खाली गेली.

सोबत एक कागद जोडला आहे. ही या पुस्तकाची अनुक्रमणिका, छापण्याआधी तपासायला काढलेलं कच्चं मुद्रित. असं पान प्रत्येक अहवालात पुढे असतं. कोणतं प्रकरण कुठे, कोणतं परिशिष्ट कितव्या पानावर, ते सगळं त्यात असतं. अनोळखी गावात शिरताना वेशीवर कोणाला तरी विचारावं लागतं, तसं ते पान आहे. या पुस्तकातून ते ऐन वेळी काढून टाकलं गेलं. ते असतं तर तुला पहिल्याच दिवशी दिसलं असतं: "परिशिष्ट क, गावांविषयी टिपा, अर्जाची मुदत: ८७."

अर्ज लिहिताना लांबण लावू नको. वर ठळक अक्षरांत विषय. मग नाव, बांधीचं नाव, चारी बाजूंना काय आहे, कधीपासून कसता. प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीवर. वाचणाऱ्याला शोधावं लागलं की तो शोधत नाही.

एक प्रत टपालाने, एक बिरजूच्या हाती पाठवतो. जी आधी पोचेल ती खरी. हे पत्र मालकांच्या हाती लागलं तर लागो.

देवाजी

ब्रह्मपुरी
२३ ऑगस्ट १९८६
(पोस्टकार्ड)

गुणा,

नऊ दिवस झाले, तुझं उत्तर नाही. नदी पुलावरून वाहते आहे, धानोऱ्याची गाडी बंद आहे असं स्टँडवर सांगतात. बिरजू पलीकडे अडकला म्हणतात. मी रोज सुटीनंतर स्टँडवर जाऊन उभा राहतो. पाकीट मिळालं का, एवढंच कळव. हे कार्ड तरी पोचेल का, तेही कळायला मार्ग नाही. २९ तारीख, शुक्रवार, पाच वाजेपर्यंत. पान ८७.

देवाजी

साळेटोला
३१ ऑगस्ट १९८६

मामा,

जयभीम. टपालाने पाठवलेली तुमची प्रत अजून आलेली नाही. पण बिरजूने पाकीट बारा दिवस तिकिटांच्या कातडी पिशवीत जपलं. पाणी उतरल्यावर पहिल्या गाडीने धानोऱ्याला आला आणि मंगळवारच्या बाजारात पोचूभाऊंच्या हातात दिलं. म्हणजे सव्वीस तारखेला. तीन दिवस उरले होते.

तुम्ही उभ्याने वाच म्हणालात, पण मी बांधीच्या धुऱ्यावर बसूनच वाचलं. मग विहारात जाऊन फडकं सोडलं, तुमचं ते पान शेजारी ठेवलं आणि त्यावर बोट ठेवून बघितलं. परिशिष्ट क, सत्त्याऐंशी. उघडलं तर तिसरी टीप समोर. पुरं एक मिनिटही लागलं नाही. आई बघत उभी होती. तिने विचारलं, "मंग सदतीस दिवस आपन काय वाचून राह्यलो होतो?" 

पोचूभाऊ उठले. बाहेर गेले आणि भिंतीवरची चांदणी ओल्या हाताने पुसायला लागले. चुना जाता जाईना. मग परत येऊन म्हणाले, "लिव्हाले बस गुणा. घरं म्या सांगतो."

एकतीस घरं, मामा. बुधवार आणि गुरुवार मी जागची हलले नाही. रोवणं सोडून लोक ओळीने येत होते. तुम्ही सांगितलं तसंच लिहिलं, वर विषय, एकेक गोष्ट एकेका ओळीवर. पुरावा काय द्यायचा याचा घोर होता. तर गोंडटोलीच्या एका म्हातारीने छपराच्या बांबूतून चिंधीत बांधलेले कागद काढले. जंगल खात्याने अतिक्रमण म्हणून दंड केला त्याच्या वीस वर्षांपूर्वीच्या पावत्या. ज्या कागदांची लाज वाटायची त्याच कागदांवर लिहिलं होतं की हा माणूस अमुक साली या जागी नांगर धरून होता. मग घराघरांतून पावत्या निघाल्या. दंड करणाऱ्यांचे एवढे उपकार कोणी मानले नसतील.

शुक्रवारी पहाटे मी, पोचूभाऊ आणि आणखी चौघं पायी निघालो. धानोऱ्याला जीप मिळाली. कचेरीत पोचलो तेव्हा तीन वाजले होते. बाबूने गठ्ठा बघितला आणि ढकलून दिला. म्हणाला, "सुट्टे कागद घेत नाही. आणि येवढं कोन वाचन?"

तेव्हा तुमचं पान आठवलं. व्हरांड्यात बसले, कागदांवर आकडे घातले, सुतळीने शिवले आणि सगळ्यांत वर एक कोरा कागद लावून त्यावर यादी करायला घेतली. नाव, बांधीचं नाव, पान. अनुक्रमणिकाच. पोचूभाऊ उगवतीपासून एकेक घर सांगत होते, मी अर्ज बघून पान टाकत होते. यादीत ओळी भरल्या तीस, घरं एकतीस.

पुन्हा मोजलं. तीस. पोचूभाऊंनी पुन्हा बोटं धरली, घरामागून घर, विहिरीपासून विहारापर्यंत. मग थांबले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "तुयंच घर राह्यलं, पोरी."

साऱ्या गावाचे अर्ज लिहिले आणि आईचा लिहिला नाही, मामा. ती दोन दिवस माझ्या शेजारी बसून दिव्यात तेल घालत होती. ती रांगेत उभी राहिली नाही, म्हणून माझ्या ध्यानातच आलं नाही.

चार वाजून गेले होते. आई घरी, तिचा अंगठा कुठून आणणार?  शेवटी अर्ज माझ्याच नावाने लिहिला. मी, गुणा श्रावण उंदीरवाडे, राहणार साळेटोला, आईसोबत आंब्याची बांधी कसते. आमच्या पावत्या घरीच होत्या, म्हणून खाली चौघांचे अंगठे आणि पोचूभाऊंची सही घेतली. यादीत एकतिसावी ओळ घातली.

आत गेले तेव्हा बाबू टेबल आवरत होता. मी सांगितलं, "सारं वाचू नका साहेब, पयलं पान वाचा. लागन ते पान उघडा." त्याने मुद्दाम मधलंच एक नाव विचारलं. मी यादीवर बोट ठेवलं आणि त्याने ते पान उघडलं. मग आणखी एक विचारलं. तेही सापडलं. मग शिक्का मारला आणि पोच लिहून दिली, एकतीस अर्ज, वेळ चार पन्नास.

आता एक विचारते. ते पान पुस्तकातून कोणी काढलं? तुम्ही नुसतं "काढून टाकलं गेलं" असं लिहिलं आहे. ते आपोआप तर गेलं नसेल. ते पान असतं तर सदतीस दिवस आम्ही भिंतीवरच्या चांदणीला बघून हुरळलो नसतो, आणि घाईत मी माझ्याच आईला विसरले नसते. हे आईला सांगितलं तेव्हापासून ती त्या माणसाला शिव्या देते आहे. उठता बसता देते. त्याचं नाव सांगा, म्हणजे तिला नाव घेऊन देता येतील.

गुणा

ब्रह्मपुरी
९ सप्टेंबर १९८६

गुणा,

पोच मिळाली हे वाचून मी छापखान्याच्या मागे जाऊन बराच वेळ नळावर तोंड धूत होतो. 

नाव विचारलंस. सांगतो.

पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यात छापतात. सहा फर्मे, शहाण्णव पानं. तीस जूनला प्रती द्यायच्या होत्या आणि अट्ठावीसला सगळं जुळवून झालं तेव्हा पानं भरली सत्त्याण्णव. एका पानासाठी सातवा फर्मा चढवावा लागला असता. मालक डोकं धरून बसले. साहेबांचा संदेश काढता येत नव्हता, फोटो काढता येत नव्हता. मालकांनी मला विचारलं, "देवाजी, काय काढतं?" मी म्हटलं, "अनुक्रमणिका काढा. ते कोन वाचते?"

मालकांना सुचलंही नव्हतं. ते पान मी काढलं. जुळवलेलं पान मी माझ्या हाताने उचलून बाजूला ठेवलं. साळेटोल्याच्या पुढची चांदणीही मीच लावली होती आणि तिची टीपही, आणि तरी बोललो ते वाक्य हे. तीस वर्षं अक्षरं हातात आहेत म्हणून मला वाटायचं की मला वाचता येतं. पत्रातसुद्धा "काढून टाकलं गेलं" असं लिहून मी आडोशाला उभा राहिलो. बाबू तुला म्हणाला की एवढं कोण वाचेल, ते वाचून मला वाटलं तो माझ्याच तोंडाने बोलला.

गेल्या आठवड्यात कचेरीचं दुसरं काम आलं आहे. रस्त्यांचा अहवाल. पुन्हा एक पान जास्त भरलं. मालकांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, अनुक्रमणिका नाही निघणार. त्यांनी विचारलं मग काय काढायचं, तर मी म्हटलं, साहेबांचा संदेश.  ते माझ्याकडे बघत राहिले. काम अजून तसंच पडून आहे. मी रोज जातो, डबा घेऊन, आणि रोज वाटतं की आज सांगतील. भीती गेली असं म्हणणार नाही.

बाईला हे पत्र वाचून दाखव. एकही ओळ सोडू नको. मग तिला नाव घेऊन शिव्या देता येतील. ती माझी थोरली बहीण आहे, तिचा तेवढा हक्क आहे.

देवाजी

साळेटोला
२२ सप्टेंबर १९८६
(पोस्टकार्ड)

मामा,

जयभीम. परवा मोजणीवाले आले. त्यांच्या हातात माझ्याच अक्षरातलं यादीचं पान होतं, मी ते लांबूनच ओळखलं. ते पान बघून एकेका बांधीवर गेले. एकतीस घरं मांडली. आंब्याची बांधीही मांडली. पुढे काय देतील ते देवो न देवो, पण आम्ही कागदावर आलो. आई दिवसभर त्यांच्या मागे मागे लंगडत फिरली.

तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. एकही ओळ सोडली नाही. तिने पुन्हा वाचायला लावलं. 

तुमच्या अहवालाचं वाचन एक सप्टेंबरला शहाऐंशीव्या पानावर आलं आणि आईने ते तिथेच थांबवलं होतं. का, ते सांगेना. आज सकाळी तिने मला हे कार्ड लिहायला बसवलं आणि असं लिही म्हणाली:

"त्याले लिव्ह, देल्या त्या शिव्या म्या वापस नाई घेत. पन आश्विन पोर्णिमेले ये म्हना. ग्रंथाची समाप्ती हाय. नवकरी राहो का जावो, ये. सत्त्याऐंशीवं पान म्या ठेवून देलं हाय. ते साऱ्या गावासमोर त्यानंच वाचून दाखवावं."

गुणा